हा मळ कुणाचा?

आजीकडे उटण्याचे दोन डबे असायचे. झाकणाला पोचा आलेला पितळी डबा अंगाच्या उटण्याचा. त्यातलं उटणं चिमटीत धरलं की बारीक रव्यासारखं करकरायचं. दुसरी काचेची बरणी चेहऱ्यासाठी. त्यातलं उटणं पिठीसाखरेइतकं मऊ, आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केलेलं. अंगाचं उटणं चुकून तोंडाला लावताना कुणी दिसलं की हातावर चापट बसायची. कारण तिने कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. सोवळ्याओवळ्याचाच काही प्रकार असेल, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब धडधडत असायचा, दाराशी कारीट ठेवलेलं असायचं आणि पाटावर कुडकुडत बसलेल्या आम्हा पोरांना आई आधी कोमट तेलाने चोळायची, मग उटण्याने. दंडावरून काळपट वळ्या सुटायला लागल्या की आजी उंबऱ्यातून म्हणायची, "बघ, वर्षाचा मळ निघाला!" त्या वळ्यांचा आम्हाला अभिमान वाटायचा. ज्याच्या अंगावरून जास्त निघाल्या, तो जास्त हुंदडलेला.

गेल्या दिवाळीत माझी भाची आमच्याकडे आली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. तिच्या बॅगेत पुस्तकं दोन आणि बाटल्या अकरा. त्यातली एक तिने मला मोठ्या कौतुकाने दाखवली. पारदर्शक जेल होती. गालावर लावली, दोन बोटांनी चोळली, आणि अर्ध्या मिनिटात पांढऱ्या वळ्या सुटू लागल्या. "मावशी, बघ ना, ही सगळी डेड स्किन." उंबऱ्यातली आजी मला तिथे ऐकू आली.

मी तीच जेल न्हाणीघरातल्या आरशावर लावली आणि बोटाने चोळली. काचेवरही वळ्या सुटल्या. तशाच, पांढऱ्या. भाची आरशाकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. काचेला कातडी नसते.

या जेलमध्ये पाणी धरून ठेवणारा एक बहुवारिक पदार्थ असतो, काहींत सेल्युलोज असतं. चोळल्यावर त्याच्याच गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांत चेहऱ्यावरची थोडीफार मृत त्वचाही गुंडाळली जाते. बहुतेक माल मात्र बाटलीतलाच. मग आजीच्या वळ्यांचं काय? तिथेही डाळीचं पीठ, तेल आणि थोडी त्वचा. वर्षाचा मळ म्हणून आम्ही ज्याचा अभिमान बाळगला, त्यात हरभऱ्याची डाळच अधिक होती.

'मळ' या शब्दाने आपल्याला चांगलंच फसवलं आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी मेलेल्या असतात हे खरं, पण त्या घाण नसतात. एकावर एक रचलेल्या चपट्या पेशींचे हे पंधरा-वीस पदर आणि त्यांच्या फटींमध्ये चरबीचा लेप. विटा आणि चुना म्हणा. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही आणि आतलं पाणी उडू द्यायचं नाही, हे काम ही भिंत मरूनही करत असते. चेहऱ्यावर तिची जाडी जेमतेम मिलिमीटरचा पन्नासावा भाग. दिवाळी अंकाचं हे पानही त्यापेक्षा जाड आहे. टाचेवर हाच थर कितीतरी पट जाड असतो, म्हणून टाचेला वजरी चालते आणि गालाला चालत नाही. पितळी डबा आणि काचेची बरणी यांतला फरक हाच होता.

खाली नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, मरतात, काही दिवस भिंतीत बसतात आणि गळून जातात. तरुणपणी या फेऱ्याला साधारण महिना लागतो, वय वाढेल तसा जास्त. वरच्या पेशींना एकमेकींशी बांधणारे बारीक टाके असतात आणि ते टाके उसवणारी विकरंही त्वचेतच असतात. म्हणजे त्वचा झडण्याचं काम स्वतःच करते, आपल्याला न दिसेल इतक्या बेताने. ती विकरं बेतात चालायची तर पृष्ठभाग किंचित आम्ल लागतो, पीएच पाचच्या आसपास. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहा. दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुऊन वर स्क्रबने घासणाऱ्याची त्वचा खरखरीतच राहते, ती यामुळे.

एक्सफोलिएटर म्हणजे या झडण्याला दिलेला हलका धक्का. तो घासून देता येतो किंवा टाके सैल करून.

घासण्याची गोष्ट आधी. पुण्यात मंडईच्या आसपास काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत. दसरा झाला की तिथे उटण्याच्या पुड्या बांधण्याची घाई सुरू होते. नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, आंबेहळद, अनंतमूळ, संत्र्याची वाळवलेली साल, गुलाबाच्या पाकळ्या, मुलतानी माती. सुट्टं घेतलं तर तो सगळा वास दिवसभर पिशवीला राहतो. मी दोन वेगळ्या ठिकाणची पुडी आणली आणि दोन्ही बोटांच्या पेरांत चोळून पाहिल्या. एक पिठासारखी निघाली. दुसरीत वाळ्याचे धागे बोटाला टोचत होते. चेहऱ्याला कुठली न्यायची, हे पुडीवरच्या जाहिरातीपेक्षा ते पेरच जास्त नीट सांगतात. भरड कण कडेला टोकदार असतात. अक्रोडाच्या कवचाच्या स्क्रबवर अमेरिकेत २०१६ साली खटला झाला होता. टोकदार कणांनी त्वचेला सूक्ष्म चिरा पडतात, अशी तक्रार होती. नुकसान सिद्ध झालं नाही म्हणून २०१८ मध्ये दावा फेटाळला गेला. तरीही मुरूम असलेल्या गालावर मी ते घासणार नाही. चिरा पडोत न पडोत, पिकलेली पुळी फुटायला तेवढं घासणं पुरतं.

प्लास्टिकचे गोल मणी टोचत नाहीत, म्हणून मध्यंतरी प्रत्येक फेसवॉशमध्ये निळे-हिरवे मणी होते. ते मोरीतून नदीत आणि नदीतून माशांत जाऊ लागले. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतून ते काढायला लावले. डाळीच्या पिठाला असा कायदा करावा लागला नव्हता.

पुडीवरची घटकांची यादीही वाचा. काही उटण्यांत बावची असते. कोडावरच्या उपचारात ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, कारण तिच्यातलं सोरालेन त्वचेला उन्हाबाबत हळवं करतं. कोडाच्या पांढऱ्या डागावर रंग आणायला ते उपयोगी आहे. पण तेच उटणं चेहऱ्याला लावून सकाळी दहाला फराळाची ताटं वाटायला उन्हात निघालात तर नको तिथे रंग येईल. चेहऱ्यासाठी बावची नसलेलंच बघा.

जुन्या पद्धतीत एक शहाणपण होतं, ते आपण पुड्या विकत आणताना गाळून टाकलं. आधी तेल, मग उटणं. वाग्भटानेही अष्टांगहृदयातल्या दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग आणि उद्वर्तन दोन्ही घेतलं आहे. तेलाने बोटं घसरतात, घर्षण कमी होतं आणि पीठ तेल शोषून घेतं. कोरड्या चेहऱ्यावर नुसतं उटणं पाण्यात कालवून घासण्यात या तिन्हीतलं काहीच होत नाही.

आता टाके सैल करणारी आम्लं. भाचीच्या अकरा बाटल्यांपैकी सहांत ती होती.

१९७४ साली फिलाडेल्फियाच्या युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी एक निबंध छापला. माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होण्याचा जो जन्मजात विकार असतो, त्यावर अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा लेप लावला तर खवले सुटतात, असं त्यांना दिसलं होतं. आज कॉलेजातल्या मुली 'ग्लो'साठी जे लावतात, ते मुळात फार दुःखदायक आजारासाठी शोधलेलं औषध आहे. या कुटुंबातलं ग्लायकोलिक आम्ल उसात असतं (कोल्हापूरकरांनी हुरळून रस तोंडाला लावू नये, बाटलीतलं कारखान्यात रासायनिक क्रियेने बनतं), लॅक्टिक आंबलेल्या दुधात, मॅन्डेलिक कडू बदामात, टार्टारिक चिंचेत. ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यांत छोटा, म्हणून तो भराभर आत शिरतो आणि चुरचुरतोही तितकाच. लॅक्टिक त्याहून जरा मोठा, शिवाय पाणी धरून ठेवणारा. मॅन्डेलिकचा रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट वजनाचा. तो सावकाश शिरतो, त्यामुळे सावळ्या आणि पटकन डागाळणाऱ्या चेहऱ्यांना जास्त मानवतो.

बाटलीवर ठळक छापलेले टक्के अर्धीच गोष्ट सांगतात. ग्लायकोलिक आम्ल पीएच ३.८ च्या आसपास अर्धं मोकळं असतं, आणि काम मोकळं आम्लच करतं. पीएच साडेपाच असेल तर जेमतेम दोन टक्के मोकळं उरतं. म्हणजे एकीवर दहा टक्के लिहिलेलं असून ती पाण्यासारखी आणि दुसरीवर पाच टक्के असून ती झोंबणारी, असं होऊ शकतं. घरी वापरायच्या उत्पादनांसाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने घालून दिलेली मर्यादा आम्ल दहा टक्क्यांपर्यंत आणि पीएच साडेतीनच्या खाली नाही, अशी आहे. तीस टक्क्यांच्या 'पील'च्या बाटल्या घरपोच मागवून आरशासमोर लावणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. आणि पाठीमागच्या यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. फक्त एक टक्क्याच्या खालचे कसेही मांडलेले चालतात. आम्लाचं नाव सुगंधाच्याही नंतर शेवटी लटकलेलं असेल तर ते बहुधा नावालाच आहे.

सॅलिसिलिक आम्ल वेगळ्या घरातलं. अ‍ॅस्पिरिनचा हा जवळचा नातेवाईक, म्हणून अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. ते तेलात विरघळतं. तेलाने भरलेल्या रंध्रात उतरून तिथला बोळा सैल करणं त्याला जमतं, ग्लायकोलिकला तितकं नाही. अर्धा ते दोन टक्के पुरे. पीएचए म्हणून जो तिसरा गट आहे, ग्लुकोनोलॅक्टोन वगैरे, त्याचे रेणू मोठे आणि काम संथ. नाजूक त्वचेची माणसं तिथून सुरुवात करू शकतात.

तुमची त्वचा कुठली, हे दुकानातल्या मशीनला विचारू नका. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, काही लावू नका, तासभर घरातली कामं करा आणि मग टिशूपेपर कपाळाला, नाकाला, गालांना टेकवा. सगळीकडे तेलाचा ठसा उमटला तर तेलकट. कुठेच नाही आणि हसताना गाल ओढल्यासारखे वाटले तर कोरडी. कपाळ-नाक उमटलं आणि गाल कोरडे राहिले तर मिश्र. आपल्याकडे बहुतेकींची हीच निघते, आणि तरीही अख्ख्या चेहऱ्याला एकच स्क्रब फासला जातो. नाकाला सॅलिसिलिक लावा आणि गाल सोडून द्या, कुणी रागावणार नाही. ही चाचणीही वर्षातून दोनदा करावी. मुंबईच्या जूनमध्ये तेलकट असलेला चेहरा नागपूरच्या डिसेंबरात कोरडा होऊ शकतो.

कोरड्या त्वचेबद्दल थोडक्यात सांगता येतं. तिच्यावर जे पांढरं सुटलेलं दिसतं, ती बहुतेकदा जास्तीची त्वचा नसून पाणी कमी पडलेली त्वचा असते. घासलं की अजून सुटतं. अशांनी आधी पंधरा दिवस रात्री नुसतं मॉइश्चरायझर लावावं, मग गरज उरली तर आठवड्यातून एकदा पाच टक्क्यांचं लॅक्टिक. मुलतानी माती तर नकोच, असलेलं तेलही शोषून घेते. दही चालेल. त्यात लॅक्टिक आम्ल साधारण टक्काभरच असतं, म्हणून चमत्कार होणार नाही आणि अपघातही नाही.

खरा गोंधळ तेलकट, मुरूम येणाऱ्या चेहऱ्यांचा. त्यांना लहानपणापासून सांगितलेलं असतं की तोंड नीट धूत नाहीस म्हणून पुळ्या येतात. मग ती मुलं घासत सुटतात. मुरूम रंध्राच्या आत, तोंड बंद झाल्यावर होतो. वरून घासून तिथवर पोचता येत नाही. घासल्याने होतं ते एवढंच की सुजलेली पुळी आणखी सुजते. आणि इथे आपल्या रंगाचा प्रश्न येतो. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिकने १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार मांडले. आपण बहुतेक भारतीय त्यात चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतो. या त्वचेला उन्हापासून थोडं जास्त संरक्षण मिळतं. पण तिला कुठूनही जरा त्रास झाला, पुळीने, घासण्याने, आम्लाने, वॅक्सने, की ती उत्तर म्हणून रंग सोडते. गोऱ्या गालावरचा लालपणा चार दिवसांत जातो. आपल्या गालावरचा काळा डाग चार महिने राहतो. परदेशी व्हिडिओत बघून शिकलेल्या प्रयोगांचा हिशेब इथेच चुकतो.

मी हा हिशेब स्वतः चुकवला आहे. भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी एका पार्लरमध्ये गेले. साधं क्लीनअप करायचं होतं. पण खुर्चीत पडल्या पडल्या डी-टॅन, मग स्क्रब, मग वाफ आणि त्यावर 'फ्रूट पील' असं एकेक वाढत गेलं. चुरचुरतंय म्हटलं तर "म्हणजे काम करतंय" असं उत्तर मिळालं. हळदीला माझा चेहरा लाल होता, लग्नाच्या दिवशी मेकअपखाली लपला आणि पंधरा दिवसांनी दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर तांबूस काळे पट्टे उमटले. मामेसासूबाईंनी वांग ठरवून टाकला. जायला पाऊण वर्ष लागलं. क्षणभर झिणझिणणं चालतं. भगभगणं, पंख्याखाली बसावंसं वाटणं हे भाजल्याचं लक्षण आहे. तेव्हा सभ्यपणा सोडून उठायचं आणि नळाखाली तोंड धरायचं. लग्नाच्या आधी काही करायचंच असेल तर ते निदान महिनाभर आधी एकदा करून पाहायचं.

वांग असलेल्यांनी तर एक्सफोलिएटर डॉक्टरांनाच विचारून घ्यावा. तो घासून जात नाही, उन्हाने आणि चोळण्याने गडद होतो. आणि ज्यांनी मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून 'डागांची ट्यूब' आणून महिनोन्‌महिने लावली आहे, त्यांनी आधी त्या ट्यूबवर स्टेरॉइडचं नाव आहे का ते बघावं. अशी कितीतरी मलमं सरकारने २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या यादीत टाकली, पण जुन्या सवयी काउंटरवर टिकून आहेत. स्टेरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर आम्ल लावणं म्हणजे सोललेल्या बोटाने मिरच्या चिरण्यासारखं आहे.

अंगाच्या बाबतीतही घासण्याची हौस महागात पडते. जपानमध्ये नायलॉनच्या टॉवेलने रोज अंग घासणाऱ्यांच्या पाठीवर, मानेवर, हाडांच्या उंचवट्यांवर काळपट पट्टे आढळले होते. आपल्याकडेही त्वचारोगतज्ज्ञांकडे अशी माणसं येतात, मान काळी दिसते म्हणून आणखी जोराने घासणारी. मानेचा मखमली काळेपणा तर पुष्कळदा इन्सुलिनशी संबंधित असतो. तिथे घासणीपेक्षा रक्ततपासणी उपयोगाची.

पुरुषमंडळींसाठी एवढंच की दाढीचं पातं त्वचेचा वरचा थरही खरवडतंच. त्या दिवशी वर आणखी स्क्रब नको.

घरगुती म्हणजे निरुपद्रवी, हाही एक गोड समज. लिंबाचा पीएच दोनच्या आसपास, बाटलीतल्या घरगुती आम्लाच्या मर्यादेपेक्षा खाली. शिवाय लिंबाच्या सालीत उन्हाने भडकणारी रसायनं असतात. खाण्याचा सोडा उलट टोकाचा, आठच्या वर. साखरेचा दाणा भिंगाखाली पाहिलात तर त्याचे कोपरे दिसतील. ती ओठांवर, पाण्यात विरघळत आलेली, क्वचित चालेल.

भाचीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ती सकाळी सॅलिसिलिकचा फेसवॉश, एक दिवसाआड स्क्रब, रात्री ग्लायकोलिक टोनर आणि त्यावर रेटिनॉल लावत होती. चेहरा तुकतुकीत, ताणलेला, लाल. तिला तो 'ग्लो' वाटत होता. साध्या पाण्यानेही झोंबायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन सोडून सगळं तीन-चार आठवडे बंद करायला लावलं. पहिला आठवडा ती हवालदिल होती. कपाटातल्या बाटल्यांकडे उपासाच्या दिवशी चकलीकडे बघावं तसं बघायची. आता ती आठवड्यातून दोनदा, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर फक्त सॅलिसिलिक लावते, डोळ्यांची कड आणि ओठांचे कोपरे टाळून. त्या रात्री रेटिनॉल नाही. काहीही नवीन आणलं तर आधी तीन-चार रात्री कानामागे किंवा जबड्याच्या खाली लावून बघते. सनस्क्रीन कॉलेजला जाताना रोज, ढगाळ असलं तरी. यात तिचा हट्ट नसून गणित आहे. दहा टक्के ग्लायकोलिक चार आठवडे लावल्यावर उन्हाने लाल होण्याची संवेदनशीलता अठरा टक्क्यांनी वाढते आणि थांबवल्यावर आठवडाभरात पूर्ववत होते, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने करवून घेतलेल्या अभ्यासात दिसलं होतं. रात्री आम्ल आणि दिवसा उघडं तोंड, हा व्यवहार तोट्याचा.

यंदा ती वसुबारसेलाच आली. बॅगेत बाटल्या चार. मी मंडईतून आणलेली पुडी परातीत ओतली, तिने त्यातले वाळ्याचे धागे निवडले. चाळणीने भागेना, तेव्हा कपाटाच्या तळातून आजोबांचं धोतर काढलं. पातेल्यावर ताणून बांधलं आणि ती वरून बोटं फिरवत राहिली. खाली पिठीचा इवलासा ढीग साचायला चांगला पाऊण तास लागला. वर फडक्यावर मूठभर भरड उरली.

"ही टाकू?" तिने विचारलं.

मी पितळी डबा पुढे केला.